बसवण्याआधी

घोडपदेवच्या गल्लीत आमचं गॅरेज:
एक शटर, दोन ट्यूबलाइट, त्यातली एक आजारी.
बाकावर जुन्या चादरीची घडी,
तिच्यावर इंजिन,
एकसष्ट सालच्या जावाचं,
न्हाऊ घालून टॉवेलवर ठेवलेल्या मुलासारखं.
फ्रेम तिकडे भिंतीशी, पोट रिकामं.

माथारपाखाडीच्या हिल्डाबाई सकाळी डोकावून गेल्या.
बारा वर्षं जिन्याखाली होती गाडी,
सीटवर तुळशीची कुंडी ठेवायची शेजारीण.
"रविवारी नेते," म्हणाल्या,
"आणि चालवणार कोण ते विचारू नका."

बांधलंय याकूबचाचांनी.
एकट्यांनी, तीन आठवडे.
बेअरिंगं नागदेवीहून स्वतः निवडून आणली,
कानाशी धरून, एकेक फिरवून, दुकानदार कंटाळेपर्यंत.
मोतीबिंदूचं ईदनंतर बघू, म्हणता म्हणता
दोन ईदा गेल्या.
काल म्हणाले, "बाय, बसवायच्या आधी तू एकदा बघ."
बावीस वर्षांत पहिल्यांदा.

मी बघायला बसले.
नट आवळलेत का. आवळलेत.
क्रँकला आडवा खेळ? केसाएवढा, हवा तेवढाच.
मागच्या जोडाला साबणाचा फेस लावला,
बाकी तोंडं बंद केली आणि सायकलच्या पंपाने हवा भरली.
एक बुडबुडा नाही.
चाचा स्टुलावर, पाय हलवत,
रेडिओ नसलेल्या कोपऱ्याकडे कान.

प्लग काढला. चार थेंब तेल.
रोटरच्या बोल्टला पाना लावून
हळू फिरवायला घेतलं, घड्याळाच्या दिशेने,
पिठात पाणी मुरवावं तेवढं हळू.

टिक.

थांबले. मागे आणले. पुन्हा.
टिक.
नखाने वाटाण्याची शेंग उघडावी, तेवढाच आवाज.
स्टुलावरचा पाय हलायचा थांबला होता.

टॉर्च घेऊन एक्झॉस्टच्या खिडकीतून आत पाहिलं.
रिंगेचं टोक, उघडं, नेमकं खिडकीवर.
पिस्टन उलटा बसला होता.
डोक्यावर बाण असतो, एवढासा, राखाडीवर राखाडी,
तो पुढे हवा, धुराच्या वाटेकडे.
तसंच चालू केलं असतं
तर रविवारी भायखळ्याच्या पुलावर
रिंग मोडली असती, आणि सिलिंडरला आतून ओरखडे.

ज्या माणसाने मला पहिल्या दिवशी
दुसरं काहीच न शिकवता
फक्त बाण बघायला शिकवलं,
त्याला काय सांगायचं?
मी मुकाट्याने पान्याला लागलेलं तेल पुसलं.
मग पुन्हा पुसलं.

असरची अजान झाली. चाचा उठले,
दाराची चौकट हाताने चाचपून बाहेर पडले.
मी शटर अर्धं ओढलं.
हेड सुटलं. सिलिंडर वर.
पिन निघता निघेना, गरम पाण्याचं फडकं गुंडाळलं,
तेव्हा कुठे जागा सोडली तिने.
पिस्टन फिरवला. नव्या क्लिपा. खाली नवीन गॅस्केट.
रिंगा बोटांनी दाबून धरत सिलिंडर उतरवताना
शेवटचं अर्धं बोट अंतर
मी श्वास घेतला नसावा.

चाचा परतले ते जरा उशिरानेच.
एवढा उशीर त्यांना मशिदीत कधी होत नाही.
काही विचारलं नाही. बाकाशी आले,
तळहात सिलिंडरवर ठेवला,
पाना मागितला.
एक फेरी. दुसरी.
तिसरीला डोळे मिटले, जणू उघडे असते तर दिसलं असतं.
आवाज नव्हता. नुसता तेलाचा,
मांजर दूध पिते तसा.

नव्या गॅस्केटचा वास त्यांना आला असणार.
जुनं तर तिथेच पडलं होतं,
डब्याच्या काठावर, मीच विसरले होते.

"धर," म्हणाले, "तू त्या बाजूने."
उचललं. फ्रेमच्या पोटात आधी मागचा कान,
मग पुढचा. वजन अचानक आमचं राहिलं नाही.
मी खालून बोल्ट सरकवत होते,
ते वरून भोकं बोटाने जुळवत,
आणि मध्येच, वायसर मागावा तसं,

"त्या डोळ्यांच्या डॉक्टरचा नंबर
आहे का गं अजून तुझ्याकडे?"